दगडातले आईबाप : पहिल्या महायुद्धाने आधुनिक कलेचं काय केलं?

पाणपोई (धागाकर्ती)

गेल्या ऑक्टोबरात बेल्जियममधल्या व्लाड्स्लोला जाऊन आले. आम्ही गेंटजवळ राहतो, त्यामुळे सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. सगळा सपाट मुलूख. शेतं, विटांची घरं, गायी. गावाबाहेर एका रानाच्या कडेला जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे. फाटकातून आत गेलं की एकदम ओकच्या झाडांची सावली अंगावर येते. पंचवीस हजारांवर माणसं तिथे पुरलेली आहेत. जमिनीत बसवलेल्या चपट्या फरशा आणि एकेका फरशीवर वीस-वीस नावं. नाव, हुद्दा, मृत्यूची तारीख. पानगळ चालू होती, त्यामुळे ओली पानं हाताने बाजूला सारून वाचावं लागत होतं.

आणि मागच्या टोकाला दोन दगडी माणसं गुडघे टेकून बसलेली. बाप ताठ आहे, दोन्ही हातांनी त्याने स्वतःलाच आवळून धरलंय, नजर समोरच्या फरश्यांवर. आई पुढे वाकलेली, अंगावरचं वस्त्र गच्च लपेटून, मान खाली. दोघांचे चौथरे वेगळे आहेत आणि मध्ये मोकळी जागा आहे. एकाच दुःखातली दोन माणसं, पण एकमेकांना हात लावत नाहीत. बापाच्या पुढ्यातल्या फरशीवर वीस नावांत एक नाव आहे: पीटर कोलविट्झ. तारीख २३ ऑक्टोबर १९१४.

ही शिल्पं केली त्याच्या आईने, जर्मन चित्रकार-शिल्पकार केटे कोलविट्झने.

तिची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण धागा काढायचं कारण तीच आहे. नवरा कार्ल बर्लिनच्या कामगारवस्तीत डॉक्टर. ऑगस्ट १९१४ मध्ये धाकटा पीटर, वय अठरा, सैन्यात जायला निघाला. अल्पवयीन असल्यामुळे वडिलांची सही हवी होती. वडील म्हणाले, देशाला अजून तुझी गरज नाही, नाहीतर आधीच बोलावलं असतं. पोराने आईकडे पाहिलं. आणि आई उठली, आणि नवऱ्याला विनवू लागली की जाऊ दे त्याला. हे तिने स्वतः रोजनिशीत लिहून ठेवलंय. ऑक्टोबर संपायच्या आत पोरगा गेल्याची खबर आली.

डिसेंबरातच तिने स्मारक करायचं ठरवलं. आधीच्या कल्पनेत मुलाचा देह आडवा पसरलेला होता, उशाशी बाप, पायथ्याशी आई. त्यावर तिने अनेक वर्षं काम केलं आणि १९१९ मध्ये ते बाजूला ठेवलं. पुढे पुन्हा हातात घेतलं तेव्हा मुलगा शिल्पातून निघून गेला होता, उरले फक्त आईबाप. ते दगडात पुरे होऊन पीटरच्या थडग्याशी बसले जुलै १९३२ मध्ये. पोरगा गेल्याला अठरा वर्षं झाली होती, म्हणजे जेवढं त्याचं आयुष्य तेवढीच. (तेव्हा ती दफनभूमी जवळच एसनला होती. पन्नासच्या दशकात थडगी व्लाड्स्लोला हलवली, त्यांच्याबरोबर शिल्पंही आली.)

तिथून आल्यापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. आधुनिक कलेवरचं काहीही वाचायला घ्या, "पहिल्या महायुद्धाने सगळं मोडलं आणि त्या तुकड्यांतून आधुनिक कला जन्मली" असं वाक्य कुठेतरी येतंच. मला ते पटत नाही. तुकडे आधीच झाले होते. पिकासो आणि ब्राक यांनी १९१४ च्या कितीतरी आधी वस्तू फोडून कॅनव्हासवर पसरल्या होत्या. कांडिन्स्कीने वस्तूच काढून टाकली होती. भाषा तयार होती. युद्धाने त्या भाषेत बोलणाऱ्याच्या पोटात काहीतरी ठेवलं, असं मला वाटतं.

फ्रान्झ मार्कचंच बघा. निळे घोडे रंगवणारा म्युनिकचा मार्क. त्याने १९१३ मध्ये जंगलात कोसळणारी झाडं आणि सैरावैरा पळणारी जनावरं यांचं एक मोठं चित्र काढलं, कॅनव्हासच्या मागे लिहिलं की सारं अस्तित्व म्हणजे जळतं दुःख आहे. दोन वर्षांनी आघाडीवर असताना कुणीतरी त्याच चित्राचं पोस्टकार्ड पाठवलं. तो हादरला. बायकोला त्याने कळवलं की ही या युद्धाचीच चाहूल होती, मी हे काढलं यावर माझा विश्वास बसत नाही. मार्च १९१६ मध्ये तो फ्रान्समधल्या व्हर्दूनच्या लढाईत मेला, वय छत्तीस. त्याचा जिवलग मित्र आउगुस्त माके त्याच्याही आधी, सप्टेंबर १९१४ मध्येच गेला होता, वय सत्तावीस. पुढे ते जनावरांचं चित्र गोदामाच्या आगीत उजव्या बाजूने जळालं. ते दुरुस्त केलं पॉल क्लेने, दोघांचाही मित्र. आणि क्लेने जळालेला भाग मूळच्या झगझगीत रंगांत रंगवला नाही, मळकट तपकिरी ठेवला. आज बाझलला ते चित्र तसंच आहे. जखम झाकलेली नाही.

माझ्यासाठी युद्धानंतरची आधुनिक कला म्हणजे तो तपकिरी भाग. तुम्हाला काय वाटतं?

---

सदाफुली

पाणपोई, सकाळी गाडीत वाचायला घेतलं आणि स्टेशन चुकलं माझं. मलाही मुलगा आहे, अठराचाच. तो "आई उठली आणि विनवू लागली" भाग वाचून पोटात कालवलं.

एक विचारू? बाप आणि आई एकत्र का नाहीत? आपल्याकडे घरात असं काही झालं की बायका एकमेकींच्या गळ्यात पडतात. इथे नवराबायकोसुद्धा लांब.

---

पाणपोई

सदाफुली ताई, माझा अंदाज सांगते. बापाचा चेहरा कार्लचा आहे आणि आईचा तिचा स्वतःचा. होकार तिने मिळवून दिला होता आणि सही त्याची होती. ती मधली जागा कशाची आहे हे त्या दोघांनाच माहीत असणार. मी समोर उभी होते तेव्हा मात्र असं वाटलं, की मधे कुणीतरी असायला हवं होतं आणि तो नाही. मुलाचा देह शिल्पातून काढला ना तिने, त्याची जागा ठेवली आहे.

शिल्प बसवलं तेव्हा ती त्या दगडी बाईपुढे उभी राहिली, स्वतःच्याच चेहऱ्यापुढे, रडली आणि तिच्या गालांवरून हात फिरवला. हेही रोजनिशीत आहे.

---

ओळंबा

धागा सुंदर. पण मुद्द्याला थोडा धक्का देतो.

"भाषा तयार होती, युद्धाने आशय दिला" हे अर्ध्याच लोकांबाबत खरं आहे. उरलेल्यांच्या बाबतीत उलटं झालं. पिकासो युद्धानंतर भरदार, ग्रीक पुतळ्यांसारख्या बायका रंगवायला लागला. देराँ जुन्या इटालियन चित्रांकडे गेला. फ्रान्समध्ये त्या काळाला "सुव्यवस्थेकडे परत" असंच म्हणतात. चार वर्षं खरीखुरी शरीरं फुटलेली पाहिल्यावर कॅनव्हासवर पुन्हा शरीर फोडायला अनेकांचा हात उचलला नाही. ते भित्रेपणाचं म्हणून हिणवलं जातं. मला तसं वाटत नाही. ज्या देशात रस्तोरस्ती तुटक्या जबड्यांची माणसं फिरत होती, तिथे कुणाला पूर्ण चेहरा काढावासा वाटला तर तोही शोकच आहे.

दुसरं, इटालियन फ्यूचरिस्ट, म्हणजे यंत्र आणि वेग यांचे भक्त असलेले कलावंत. त्यांना तर युद्ध हवंच होतं. १९०९ च्या जाहीरनाम्यात मारिनेत्तीने युद्धाला जगाची एकमेव स्वच्छता म्हटलं. त्यांच्यातला सगळ्यात ताकदीचा हात बोच्चोनीचा. तो १९१६ मध्ये सैनिकी सरावात घोड्यावरून पडून गेला. वास्तुरचनेतला सांतेलिया, ज्याची स्वप्ननगरीची रेखाटनं बघून आम्ही कॉलेजात वेडे झालो होतो, तोही त्याच वर्षी आघाडीवर मेला. अठ्ठावीस वर्षांचा होता. एकही मोठी इमारत त्याच्या हातून उभी राहिली नाही. तेव्हा आधुनिक कलेला युद्धाने काय दिलं हे मोजताना आधी तिने स्वतः युद्ध किती मागितलं होतं हेही मांडायला हवं.

आणि तिसरी गोष्ट, लेजे. फ्रेंच चित्रकार फेर्नां लेजे सॅपर (खंदक-सुरुंग खणणारा सैनिक) होता, खंदकांत राबला, पुढे विषारी वायूही अंगावर घेतला. त्याने सांगितलंय की ७५ मिलीमीटरच्या तोफेचा उघडा पार्श्वभाग उन्हात चमकताना पाहिला आणि पांढऱ्या धातूवरच्या त्या उजेडाने तो दिपून गेला. त्याच्या १९१७ च्या पत्ते खेळणाऱ्या सैनिकांच्या चित्रात माणसं नळकांड्यांची झाली आहेत. ते चित्र युद्धाचा निषेध आहे की यंत्राच्या सौंदर्याची भूल? मी वीस वर्षं ते चित्र बघतोय आणि माझं उत्तर दर वेळी बदलतं.

---

पाणपोई

ओळंबा, पूर्ण चेहऱ्याबद्दलचं तुमचं वाक्य मान्य. मी तसा विचार केला नव्हता. मग कोलविट्झलाही त्याच रांगेत बसवावं लागेल, कारण तिने चेहरा कधी मोडलाच नाही. "आधुनिक" म्हणून तिचं नाव घ्यायला काही लोक कचरतात ते त्यामुळेच.

---

निळावंती

झुरिक, म्हणजे दादा चळवळ, आलं नाही अजून, म्हणून लिहिते.

फेब्रुवारी १९१६. व्हर्दूनची लढाई सुरू व्हायला पंधरा-सोळा दिवस आहेत. तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकच्या श्पीगेलगास नावाच्या गल्लीत जर्मन लेखक ह्यूगो बाल आणि गायिका एमी हेनिंग्ज एका दारूगुत्त्यातल्या खोलीत काबारे व्होल्तेर सुरू करतात. त्याच गल्लीत थोडं वर लेनिन भाड्याने राहत होता. बाल युद्धाच्या सुरुवातीला स्वतः भरती व्हायला गेला होता, प्रकृतीमुळे नाकारला गेला. मग आपल्या पायांनी आघाडीजवळ जाऊन पाहून आला आणि जे पाहिलं त्यानंतर जर्मनीत राहूच शकला नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये तो चकाकत्या निळ्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यात स्वतःला कोंबून रंगमंचावर आला. चालता येत नव्हतं, म्हणून उचलून आणावं लागलं. आणि त्याने ज्यात एकही खरा शब्द नाही अशा कविता म्हटल्या. फक्त ध्वनी. म्हणता म्हणता त्याचा आवाज चर्चमधल्या पाद्र्यासारखा लांबट, आर्जवी होत गेला, हे त्याला स्वतःलाही अनपेक्षित होतं.

याला "विक्षिप्तपणा" म्हणून लोक हसतात तेव्हा मला फार राग येतो. राष्ट्र, सन्मान, बलिदान, कर्तव्य हे शब्द रोज वर्तमानपत्रांत छापून येत होते आणि त्या शब्दांवर पोरं मरत होती. कोलविट्झचा पीटर त्याच शब्दांवर गेला ना? बालला वाटलं, हे शब्द नासले आहेत, यांना हातच लावायचा नाही. तो निखळ ध्वनीपर्यंत मागे गेला. माझ्या लेखी ती प्रार्थना आहे, आणि त्याचं पुढचं आयुष्य पाहिलं तर तो खरोखरच कॅथलिक श्रद्धेकडे परतला.

---

चुनखडी

मी छापाचित्रं करतो (प्रिंटमेकिंग), त्यामुळे माझा प्रतिसाद तांत्रिक वाटेल. पण या विषयात तंत्र आणि दुःख वेगळं काढता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ओटो डिक्स. ड्रेस्डेनचा, कामगाराचा मुलगा. आपणहून भरती झाला, मशीनगनवर होता, सोमची लढाई पाहिली, १९१८ मध्ये मानेला जखम झाली. १९२४ मध्ये त्याने "युद्ध" या नावाने पन्नास एचिंग काढली. एचिंग म्हणजे काय ते सांगतो. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणा-डांबराचा थर द्यायचा, त्यावर सुईने ओरखडत चित्र काढायचं, आणि पत्रा अ‍ॅसिडमध्ये बुडवायचा. जिथे ओरखडा आहे तिथे अ‍ॅसिड धातू खातं. मग थर पुसून खाचांमध्ये शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची आणि ओल्या कागदावर दाबाखाली छाप घ्यायचा. करडे पडदे हवे असतील तर राळेची पूड पत्र्यावर उडवून, खालून तापवून चिकटवायची. तिला अ‍ॅक्वाटिंट म्हणतात. अ‍ॅसिड त्या कणांच्या फटींतून खातं आणि दाणेदार छटा येते.

आता ज्या कुणी हे काम केलंय त्याला माहीत असतं की अ‍ॅसिडमध्ये पत्रा जास्त वेळ राहिला की रेषा फुटते, कडा ढासळतात, थर सुटून भलत्याच जागी खड्डे पडतात. आम्हाला शिकवताना ओरडून सांगायचे, घड्याळ बघा, पत्रा बाहेर काढा. डिक्सने काही पत्रे मुद्दाम खाऊ दिले आहेत. कुजलेला चेहरा काढायचा तर धातूच कुजवला. एका चित्रात कवटीतून किडे वळवळताना दिसतात, आणि कागद डोळ्यांजवळ नेला की कळतं, ते किडे जितके सुईने काढलेत तितकेच अ‍ॅसिडने. जे झालं ते "दाखवणं" वेगळं आणि पत्र्यावर तेच पुन्हा घडू देणं वेगळं.

त्याच काळात कोलविट्झ त्याच विषयावर आली. ती मुळात एचिंगचीच उस्ताद, त्याच कामावर तिचं नाव झालं. पण पोराच्या मरणासाठी तिला एचिंग पुरेना. लिथोग्राफही (दगडावरून घेतलेला छाप) पुरेना. १९२० मध्ये प्रदर्शनात शिल्पकार बार्लाखचे लाकडी ठसे पाहिले आणि ती त्या वयात, पन्नाशी उलटल्यावर, नवं माध्यम शिकली. लाकडाच्या ठशात मधली छटा नाही. जिथे पटाशी फिरली तिथे पांढरं, जिथे नाही तिथे काळं. तिच्या "युद्ध" मालिकेत सात ठसे आहेत. त्यात ना खंदक आहे, ना बंदूक, ना शत्रू. पहिल्यात आई नागवं तान्हं बाळ दोन्ही हातांवर पुढे धरून उभी आहे. दुसऱ्यात पोरं एका झोकात वर उसळली आहेत, पुढे मृत्यू ताशा वाजवतोय आणि त्याच्या अगदी लगत जो मुलगा आहे तो पीटर.

तिसऱ्यात आईबाप. दोघं एकमेकांवर कोसळून एकच काळा डोंगर झालेत. म्हणजे सदाफुली ताईंनी जे विचारलं ते इथे आहे. कागदावर तिने दोघांना एकत्र आणलं होतं. दगडात वेगळं केलं, दहा वर्षांनी.

एकाच्या हातात अ‍ॅसिड, एकीच्या हातात पटाशी. दोघांच्या मालिकेचं नावसुद्धा एकच. डिक्स युद्धात होता, म्हणून त्याने युद्ध दाखवलं. ती घरात होती, म्हणून तिने दार दाखवलं, ज्यातून पोरं बाहेर जातात.

पाणपोई, तुमचा प्रश्न "भाषा आधी की आशय आधी" असा आहे. माझा अनुभव सांगतो की दुःख आधी माध्यम नाकारतं. तेव्हा नवीन काहीतरी येतं.

---

सदाफुली

"तिने दार दाखवलं." चुनखडी दादा, हे मी उतरवून घेतलं.

---

निवळशंख

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी. "कला आणि विचार" यातल्या विचारावर चार ओळी.

१९१४ पर्यंत फ्रॉइडचं म्हणणं असं होतं की स्वप्नात दडलेली इच्छा पुरी होते. युद्धानंतर त्याच्यापुढे असे सैनिक आले ज्यांना रोज रात्री तोच स्फोट, तोच चिखल, तोच मरणारा सोबती दिसत होता. यात कुठली इच्छा पुरी होते? स्वतःची मुलं आघाडीवर असलेल्या साठीतल्या त्या माणसाने आपलाच सिद्धान्त हलवला आणि १९२० मध्ये लिहिलं की मनात सुखाच्या पलीकडचं काहीतरी आहे, जखमेकडे पुन्हा पुन्हा परत नेणारं. मृत्युप्रेरणेची कल्पना तिथून आली. तिच्यावर आजही वाद आहेत, मी स्वतः ती जशीच्या तशी मानत नाही. पण निरीक्षण खरं आहे. माझ्या खुर्चीसमोर बसून निवृत्त जवानांनी मला तेच सांगितलंय, की डॉक्टर, झोप नको वाटते, कारण झोपलं की तिथेच जातो. शंभर वर्षांत वाक्य बदललेलं नाही.

दुसरं, सरिअ‍ॅलिझम (अतिवास्तववाद). त्याचा प्रवर्तक आंद्रे ब्रेतों वैद्यकीचा विद्यार्थी होता आणि १९१६ मध्ये साँ-दिझिएच्या लष्करी मनोरुग्णालयात काम करत होता. तिथे एक सैनिक होता. सुशिक्षित, शांत. तो खंदकाच्या कठड्यावर उभा राहून बोटाने तोफगोळ्यांना दिशा दाखवायचा. त्याचं म्हणणं, हे युद्ध खोटं आहे, नाटक आहे. जखमा रंगवलेल्या, गोळे नकली, प्रेतं आणून ठेवलेली. ब्रेतोंला त्याचं म्हणणं खोडून काढता येईना. रुग्णांना मनात येईल ते न थांबता बोलायला लावण्याची पद्धतही त्याने तिथेच हाताळली. आठ वर्षांनी सरिअ‍ॅलिझमचा जाहीरनामा आला, तेव्हा त्यात मनाला मोकळं सोडून लिहिणं हाच कणा होता. वितळणारी घड्याळं वगैरे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या चळवळीचं एक मूळ रुग्णालयातल्या खाटांमध्ये आहे हे फार कमी सांगितलं जातं.

---

तिसरीघंटा

मी पियानो शिकवते, म्हणून एका हाताची गोष्ट.

पाउल विटगेनश्टाइन, व्हिएन्नाचा पियानोवादक. युद्धाच्या पहिल्याच महिन्यात जखमी होऊन रशियनांच्या हाती सापडला, उजवा हात कापावा लागला. सायबेरियात कैदेत असताना त्याने एका रिकाम्या खोक्यावर कोळशाने पट्ट्या काढल्या आणि डाव्या हाताने त्या मुक्या लाकडावर रियाज केला. सुटून आल्यावर त्याने मोठमोठ्या संगीतकारांकडून फक्त डाव्या हातासाठी रचना लिहून घेतल्या. त्यात राव्हेलचा कॉन्चेर्तो आहे, व्हिएन्नात १९३२ च्या जानेवारीत पहिल्यांदा वाजला. राव्हेल स्वतः व्हर्दूनच्या मागे मालमोटार चालवत होता आणि युद्धातल्या मृत मित्रांना त्याने आधीच एक अख्खी रचना वाहिली होती, एकेक भाग एकेकाच्या नावाने.

तो कॉन्चेर्तो ऐका. सुरुवात इतकी खालून, खर्जातून येते की वाद्यमेळ जमिनीखालून उठतोय असं वाटतं. मग पियानो. डोळे मिटले तर दोन हात आहेत असंच वाटतं. सूर अंगठ्याकडे असतो आणि बाकी चार बोटं खाली धावपळ करून आधार धरतात. मी एकदा फक्त पहिलं पान वाजवून पाहिलं, दहा मिनिटांत मनगट भरून आलं. उजवा हात मांडीवर ठेवला होता, तो सारखा उठायला बघत होता.

त्याचा धाकटा भाऊ लुडविग म्हणजे तत्त्वज्ञ विटगेनश्टाइन. तो त्याच सैन्यात होता, पिशवीत वह्या घेऊन. सुरुवातीची पानं निव्वळ तर्कशास्त्राची आहेत. १९१६ मध्ये आघाडीवर गेल्यावर त्याच वह्यांमध्ये देव, मरण, जगण्याचा अर्थ उतरायला लागतात. पुढे पुस्तक शेवटाला पोचतं ते जे बोलता येत नाही त्याबद्दल गप्प राहण्यापाशी. निळावंतींचा ह्यूगो बाल आणि हा, दोघं त्याच युद्धातून शब्दांच्या टोकाला गेले.

---

काळा_कातळ

सगळे प्रतिसाद वाचले. छान आहेत. पण मनात काहीतरी सलतंय, ते लिहितो.

मी सातारचा. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे गाव आहे, "मिलिटरी अपशिंगे" म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावचे ४६ जण कामी आले. आमच्या भागातल्या पोरांना फ्रान्सपेक्षा मेसोपोटेमिया (आजचा इराक) जास्त ठाऊक. पुणे डिव्हिजन बसऱ्याला उतरली, बगदादच्या दिशेने गेली, मागे हटली आणि कुत या गावात अडकली. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ वेढा. घोडी कापून खाल्ली. शेवटी तेराएक हजार माणसं शरण गेली, त्यात मराठा पलटणींचे शिपाई होते, आणि त्यातले कितीतरी पुढे वाळवंटातून चालवत नेताना आणि कैदेत मेले.

पाणपोई ताई, तुम्ही पानं सारून फरशीवर एक नाव वाचलंत. बसऱ्याला १९२९ मध्ये मोठं स्मारक उभं राहिलं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली. हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपायांचे पलटणीवार फक्त आकडे. अमक्या पलटणीचे इतके. आपल्याकडे गावोगाव ज्या पाट्या आहेत त्यांच्यावरही तेच, या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले.

शत्रूच्या मुलुखात पुरलेल्या जर्मन पोराचं नाव दगडावर आहे, त्याची आई आणि बाप दगडात आहेत. आमचे जिंकणाऱ्यांच्या बाजूने लढले आणि त्यांचा आकडा आहे. युद्धाने कलेचं काय केलं हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, खरंच. पण ज्यांच्याकडे ना कागद होता, ना अ‍ॅसिड, ना पटाशी, त्यांच्या आयांनी काय केलं असेल?

---

पाणपोई

काळा_कातळ, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि लगेच उत्तर द्यायला जमलं नाही.

मी त्या फरशीपाशी उभी राहून रडले, आणि तिथून जवळच, ईप्रच्या आघाडीवर, त्याच ऑक्टोबरात हिंदी पलटणी उतरल्या होत्या हे मला माहीत होतं. तरी त्या दिवशी मनात आलं नाही. ते यायला हवं होतं.

---

ओळंबा

काळा_कातळ यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एक धागा जोडतो, कारण ही कला आपल्यापर्यंत कशी आली तेही त्याच आगीतून.

जुलै १९३७ मध्ये नाझींनी म्युनिकला "अधःपतित कला" नावाचं प्रदर्शन भरवलं, साडेसहाशेच्या आसपास कलाकृती. पहिल्या महायुद्धाच्या जखमेतून आलेलं बरंच काम त्यात टवाळीसाठी टांगलं होतं. डिक्सचं युद्धात पांगळे झालेल्या सैनिकांचं चित्र त्यात होतं आणि त्यावर त्याने सैन्याचा घात केला असा शेरा होता. ते चित्र आज अस्तित्वात नाही. डिक्सला अकादमीतून १९३३ मध्येच काढलं होतं, कोलविट्झलाही त्याच वर्षी प्रशियन अकादमी सोडायला लावली.

त्याच लाटेने काही माणसं मुंबईला आणून टाकली. बर्लिनचा रुडी फॉन लायडन १९३३ मध्ये, व्हिएन्नाचा चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर १९३८ च्या सुमारास. लँगहॅमरच्या घरी तरुण चित्रकारांची बैठक जमायची, तिथे युरोपीय चित्रांचे छाप बघायला मिळायचे, रझा त्याच्याकडे शिकले. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह गट निघाला. साळगावचा सूझा, आरा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे. लायडनने त्यांच्यावर लिहिलं, श्लेसिंगरने चित्रं विकत घेतली. सूझांच्या त्या जाड काळ्या रेषांनी बांधलेल्या, डोळे कपाळावर गेलेल्या माणसांकडे बघताना हे सगळं मला आठवतं. सूझांनी ते कुणाकडून उसनं घेतलं असं म्हणायचं नाही, त्यांचं गोवा, चर्च आणि राग त्यांचेच. पण खोलीत ती चित्रं कुणी आणली, आणि ती आणणारी माणसं घर सोडून का आली, हे विसरता येत नाही.

---

निळावंती

कोलविट्झचा शेवट राहिला. तिचा नातू, थोरल्या मुलाचा मुलगा, त्याचंही नाव पीटर ठेवलं होतं. तो १९४२ मध्ये रशियाच्या आघाडीवर मेला. त्याच सुमाराचा तिचा शेवटचा लिथोग्राफ आहे. एक म्हातारी दोन्ही हात पंखांसारखे पसरून तीन पोरांना पदराखाली दाबून धरते आहे, पोरं बाहेर डोकावायला बघतायत. चित्राचं नाव म्हणजे गटेची ओळ, की बियाण्याचं धान्य दळायचं नसतं. हीच ओळ तिने १९१८ मध्ये, आणखी पोरं आघाडीवर धाडा म्हणणाऱ्या एका कवीला जाहीर उत्तर देताना वापरली होती. १९१४ ला उठून विनवणी करणारी ती हीच आई. एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपायला दोन आठवडे असताना ती गेली.

---

चुनखडी

त्या लिथोग्राफमधले हात बघा सगळ्यांनी. मनगटं शरीराच्या मानाने फार जाड आहेत. ते चुकून झालेलं नाही.

---

काळा_कातळ

बऱ्याच दिवसांनी येतोय धाग्यावर.

आमच्या घरात "बसऱ्याला गेला तो" असा एकाचा उल्लेख लहानपणापासून ऐकतोय. आजोबांचा चुलता. नाव कुणी घेत नसे, "तो"च. धागा वाचल्यावर गावी गेलो आणि मोठ्या आत्याला विचारलं. नव्वदीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं. दोनदा विचारावं लागलं. मग म्हणाली, अरे त्याची आई जात्यावर बसली की पहिली ओवी देवाची म्हणायची आणि दुसरी त्याच्या नावाची. दळण संपेपर्यंत मग काही बोलायची नाही. हे आत्याला तिच्या आईने सांगितलेलं.

ओवी आत्याला आठवत नाही. नाव आठवलं. वहीत लिहून घेतलंय. इथे टाकत नाही, आधी गावच्या पाटीखाली लागू दे. सरपंचांशी बोललोय, दगड कातरणारा वाठारहून येणार आहे.

पाणपोई ताई, अक्षरं केवढी ठेवली होती त्या फरशीवर? उंची सांगता येईल का?